ओव्हाळ हवालदारांची बंदूक

दशरथ ओव्हाळ हवालदारांनी बंदूक पसंत करायला आठ महिने लावले. ही गोष्ट त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी, परंड्यात भेटेल त्याला सांगितली.

"मला बघाय आले तवा एक कप चहा पिले आन होकार देऊन गेले. बशी खाली ठिवायच्या आत लगीन ठरलं. आन बंदुकीला म्हणं आठ म्हयने! माझ्यात काय बघायसारखं नव्हतंच का?"

हवालदार शेजारीच बसलेले असायचे. मिशीवरून बोट फिरवत अगदी गंभीरपणे म्हणायचे, "चांगली वस्तू बघाय येळ लागत न्हाय. शंका असली की लागतो."

यावर शांताबाई पदर तोंडाला लावायच्या आणि विषय बदलायच्या. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. मला वाटतं, ते उत्तर ऐकायलाच त्या प्रश्न विचारत असाव्यात.

मी तेव्हा परंड्यात, किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा सहकारी बँकेत कॅशवर बसायचे. हवालदारांचं गाव तिथून पाच-सहा मैलांवर. सैन्यातून येऊन त्यांना काही वर्षं झाली होती. दोन म्हशी, थोडी कोरडवाहू जमीन, आणि प्रज्ञा नावाची एक मुलगी, जिला नर्सिंगला जायचं होतं. दुधाचे पैसे काढायला ते दर दहा दिवसांनी बँकेत यायचे. पांढरा सदरा, कडक इस्त्रीची खाकी पँट, आणि पायांत असे बूट की त्यात खिडकीचे गज दिसावेत. बाकड्यावर बसायच्या आधी ते हातानं दाबून बघायचे. मग बाकड्याचे चारही पाय बघायचे. मग बसायचे. सैन्यातून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या होत्या, एक लोखंडी पेटी आणि दुसरा 'मुआयना', म्हणजे तपासणी, हा शब्द. बाजारात वांगी घेतानासुद्धा ते म्हणायचे, "थांब गं, मुआयना करू दे." वांगीवाली त्यांना बघून टोपली झाकून घ्यायची असं लोक सांगतात. ते मी पाहिलेलं नाही, पण खोटं नसावं.

आमच्या बँकेचे जुने रखवालदार गुडघ्यांमुळं घरी बसले आणि बँकेनं भिंतीवर सूचना लावली : रखवालदार पाहिजे, माजी सैनिक असावा, स्वतःचा परवाना आणि स्वतःची बंदूक असावी. चार ओळींची सूचना. हवालदार तिच्यासमोर दहा मिनिटं उभे होते. मग माझ्या खिडकीशी आले.

"म्याडम, हितं बंदूक लिवलंय. कसली त्ये लिवलं न्हाय."

"बंदूक म्हणजे बंदूक, हवालदार."

एखाद्यानं 'औषध म्हणजे औषध' म्हटल्यावर डॉक्टर बघेल तसे ते माझ्याकडं बघत राहिले. "बरं," म्हणाले आणि दुधाचे पैसे न घेताच निघून गेले. पंधरा मिनिटांनी परत आले ते पैशांसाठी.

परवाना त्यांच्याकडं होता. पिकात रानडुकरं घुसतात म्हणून अर्ज करून ठेवलेला, तो बऱ्याच खेट्यांनंतर मंजूर झाला होता. बंदूक मात्र नव्हती. आता नोकरी दिसायला लागल्यावर ती घ्यायची ठरली आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली : घ्यायची तर सेमी ऑटोमॅटिक रायफल.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी मला जमा-पावतीच्या पाठीमागं चित्र काढून समजावून सांगितलं. सैन्यात पंधरा वर्षं त्यांनी जी रायफल वागवली ती तशी होती. चाप दाबला की एक गोळी जाते आणि दुसरी आपसूक नळीत येऊन बसते. पुन्हा दाबा, पुन्हा जाते. मध्ये हातानं काही करावं लागत नाही. "लई इमानी," ते म्हणाले. "म्या तिला बर्फात नेलं, वाळूत नेलं. एकदा बी 'थांबा जरा' म्हणली न्हाय."

प्रश्न होता बजेटचा. हवालदारांनी बंदुकीसाठी एक रक्कम बाजूला काढली होती. बाकीची पुंजी प्रज्ञाच्या शिक्षणाची. ती वेगळ्या बँकेत, शांताबाईंच्या नावावर ठेवलेली, म्हणजे मोह झाला तरी हात पोचू नये. "ह्या आकड्याच्या वर एक रुपाया न्हाय," असं त्यांनी स्वतःलाच बजावलं होतं आणि हवालदार स्वतःचा हुकूम मोडत नसत.

त्यांनी एक वही केली. आडव्या-उभ्या रेघा मारून रकाने पाडले : वजन, लांबी, किंमत, काडतुसाची किंमत, मोडल्यावर कुठं, आणि शेवटी एक रकाना होता, त्याचं नाव 'मन'. त्यात ते दहापैकी गुण द्यायचे. बँकेत आम्ही सगळे त्यांना 'सेमी हवालदार' म्हणायला लागलो. त्यांना ते माहीत होतं. एकदा आमचे मॅनेजर देशमाने साहेब चुकून तोंडावरच "या, सेमी हवालदार," म्हणाले, तर हवालदारांनी कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "सध्या निसतंच हवालदार, साहेब. सेमी अजून यायचीय."

त्यांच्या सोलापूरच्या एका फेरीत मी होते. माझं माहेर सोलापूरचं. शनिवारी बार्शीमार्गे निघाले तर बसमध्ये पुढच्या बाकावर हवालदार आणि शांताबाई. शांताबाईंनी माझा हात धरला. "म्याडम, तुमी चला दुकानात. तुमी शिकल्याल्या हायसा. ह्यांना म्हणावं, घ्या एकदाची. माझी ही पाचवी खेप."

बंदुकांचं दुकान मी पहिल्यांदाच पाहत होते. वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. होती एक अरुंद खोली, तेलाचा वास, भिंतीला साखळीनं बांधलेल्या बंदुका आणि गल्ल्यामागं हकीमभाई नावाचे बारीक चणीचे म्हातारे गृहस्थ, चष्म्याला दोरी लावलेली. हवालदारांना बघताच त्यांनी चहा सांगितला, आणि चहावाल्याला म्हणाले, "जरा बडा लाना. लंबा काम है."

"ती दाखवा," हवालदार म्हणाले.

हकीमभाईंनी न विचारता बरोबर 'ती' काढली. पॉइंट टू-टूची एक जुनी परदेशी रायफल, सेमी ऑटोमॅटिक. बारीक, सुबक, दस्त्याचं लाकूड गुळासारख्या रंगाचं. हवालदारांनी ती हातात घेतली आणि मी त्या माणसाचा चेहरा बदलताना पाहिला. आधी नळी उघडून आत काही नाही ना ते बघितलं. मग हकीमभाईंना दाखवलं. मग मला आणि शांताबाईंनासुद्धा दाखवलं, जसं काही आम्हाला त्यातलं कळत होतं. मगच खांद्याला लावली आणि भिंतीच्या कोपऱ्याकडं तोंड करून तशीच धरून उभे राहिले.

"काय करताहेत?" मी विचारलं.

"शंभर मोजत्यात," शांताबाई म्हणाल्या. "धा वाजता धरल्याली बंदूक पाच वाजता किती जड हुती, त्ये बघत्यात."

शंभर झाले. हवालदारांनी रायफल खाली घेतली. "मोडली तर?"

"मोडत नै," हकीमभाई म्हणाले.

"मोडत न्हाय म्हणत्यात तेच आधी मोडतं. हिचा पार्ट कुठं मिळतो?"

हकीमभाईंनी वर, आढ्याकडं बोट केलं. म्हणजे परमेश्वराकडं, किंवा परदेशात, कुठंही धरा. आणि किंमत सांगितली. ती हवालदारांच्या आकड्याच्या दुप्पट होती. पाचव्या वेळीसुद्धा तेवढीच होती. हवालदारांना वाटायचं, ती एखाद्या खेपेला दमून खाली येईल.

"हवलदारसाब," हकीमभाई म्हणाले, "तुमचं बजेट सायकलचं हाय आन नजर मोटारीवर. आन एक बात बोलू? तुम्ही फौजेत चालवली ती वेगळी. वैसी नै मिलती. ती सरकारची, आम माणसाला बंदी. ही दिसायला तशी, पण ही निशाणेबाजीची चीज. बँकेला बारा बोअर पायजे, छर्रेवाली. बारा बोअरमधी पण सेमी येते, बाहेरून. पण तिची किंमत नका इचारू, चहा कडू लागंल."

"इचारतो," हवालदार म्हणाले. विचारली. चहा प्यायला नाही.

मग हकीमभाईंनी कोपऱ्यातून एक जुनी बारा बोअरची दुनळी काढली. शेजारी शेजारी दोन नळ्या, दोन काडतुसं, दोन चाप. बार्शीकडच्या कुठल्याशा बागायतदाराची, त्याच्या मुलांनी विकायला ठेवलेली. दस्त्याला एक चीर, तांब्याच्या पट्टीनं बांधलेली. किंमत हवालदारांच्या आकड्यात बसत होती आणि वर थोडी काडतुसंही येत होती. हवालदारांनी तीही धरली, शंभर मोजले, वहीत गुण लिहिले. मी वाकून पाहिलं. 'मन' या रकान्यात चार.

दुकानातून निघताना ते म्हणाले, "इचार करून सांगतो." हकीमभाईंनी मान डोलावली. रस्त्यावर आल्यावर हवालदार मला म्हणाले, "दुकानदाराचं ऐकावं म्याडम. पण दुकानात उभं राहून ऐकू न्हाय. स्टँडवर जाऊन ऐकावं."

शांताबाई म्हणाल्या, "आन घरी गेल्यावर इसरावं."

त्या काळात आमच्या मुख्य कार्यालयाचा वेगही हवालदारांइतकाच असल्यामुळं काही बिघडलं नाही. जागा मंजूर व्हायलाच साडेआठ महिने गेले. पण एका शुक्रवारी अचानक पत्र आलं की सोमवारी माणूस हजर पाहिजे. देशमाने साहेबांकडं भूमकडच्या एका दुसऱ्या माजी सैनिकाचाही अर्ज होता. तगडा माणूस, बंदूक तयार, मिशा हवालदारांच्या दुप्पट. साहेबांनी हवालदारांना निरोप धाडला : सोमवारी दहाला बंदूक घेऊन या, नाहीतर मी त्या भूमवाल्याला कळवतो.

सोमवारी मी जरा लवकरच गेले. खरं सांगायचं तर मला धाकधूक होती. प्रज्ञाची नर्सिंग कॉलेजात निवड झाली होती. पहिल्या वर्षाची सोय होती, पुढच्या वर्षांचं या नोकरीवर होतं. दहाला दहा कमी असताना बघते तर शटरसमोर हवालदार ताठ उभे. खाकी गणवेश, खांद्याला पट्टा आणि पट्ट्याला ती दुनळी. चिरेवरची तांब्याची पट्टी चिंच लावून घासलेली असावी, सोन्यासारखी चमकत होती. परवान्यावर बंदुकीची नोंद करून, शिक्का मारून आणला होता. म्हणजे बंदूक शनिवारी धावपळ करून घेतलेली नव्हती. पंधरा दिवस आधीच घेतली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"सेमीचं काय झालं?" मी विचारलं.

हवालदारांनी दुनळी उघडून, रिकामी आहे हे मला दाखवून, दोन चापांवर बोट ठेवलं. "हे बघा म्याडम. पैला बार काढला की दुसऱ्यासाठी बोट ह्या चापावरनं त्या चापावर न्यावं लागतं. सेमीत दुसरी गोळी लई सोपी. बोट हाय तितंच ऱ्हातं. फौजेत ठीक हाय, तितं समोर दुश्मन असतो. हितं समोर परंडा हाय. एक बोटभर तरी इचार कराय पायजे."

मला ते फार आवडलं. मी तसं शांताबाईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "पैसे पुरले न्हाईत की ह्यांना ग्यान हुतं. मोटारसायकल घ्यायची हुती तवा बी असंच, सायकलनं छाती मोकळी ऱ्हाती म्हणले."

खरं काय, ते मला आजही सांगता येणार नाही. 'मन'च्या रकान्यातले चार खोडून त्यांनी नंतर सात केले होते एवढं मात्र मी पाहिलं.

मग हवालदार आमचे झाले. दारात डाव्या बाजूला उभे राहायचे, खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. बंदूक कधी भिंतीला टेकवायचे नाहीत. म्हणायचे, "बंदूक आन म्हातारं माणूस, भितीला टेकवून ठिवू न्हाय. दोघं बी एक दिस घसरत्यात." येणाऱ्या प्रत्येकाचा मुआयना व्हायचा. ऊसतोडीहून परतलेल्या बायांना पैसे काढायची स्लिप भरता यायची नाही, त्यांना ते रांगेत उभं करून, "आधी नाव, मग आकडा, मग अंगठा," असं कवायतीसारखं शिकवायचे. बाया हसायच्या, पण स्लिप बरोबर भरायच्या.

एका निवडणुकीच्या वेळी आचारसंहितेत बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. बँकेच्या रखवालदारांना सूट मिळते, पण आमचा सवलतीचा कागद कुठंतरी अडकला, आणि हवालदारांना तीन आठवडे हातात काठी घेऊन उभं राहावं लागलं. ते काठीसुद्धा भिंतीला टेकवायचे नाहीत. दर सोमवारी जेवणाच्या सुटीत खिशात तेलाचं फडकं घेऊन ठाण्यात जायचे. तिथला जमादार वैतागला. "हवालदार, आमी बी बंदुका सांभाळतो."

"सांभाळता, व्हय. पर तेल देत न्हाई," हवालदार म्हणाले आणि फडकं पुढं केलं. तिसऱ्या सोमवारी जमादारानं आपली बंदूकही त्यांच्यासमोर ठेवली. म्हणाला, "हिला बी जरा बघा."

बँकेतल्या आपल्या बारा वर्षांत हवालदारांनी एकही गोळी झाडली नाही. झाडावी असा प्रसंग एकदाच आला. म्हणजे बाकी सगळ्यांना तसं वाटलं.

तो बाजारचा दिवस होता, दुपारचे बारा. उसाची तोड जोरात चालू होती, फड मोकळे होत होते आणि आतली रानडुकरं बाहेर पडत होती. त्यातलं एक, चांगलं वासराएवढं, कुत्र्यांनी बाजारातून पळवलं आणि ते सरळ आमच्या बँकेत शिरलं. हवालदार दारात होते. पण त्याच क्षणी एक लेकुरवाळी बाई आत येत होती. त्यांनी तिला धरून बाजूला ओढलं, आणि डुक्कर त्यांच्या नडगीला सुळा मारून आत गेलं.

मग काय झालं ते सांगायला मला लाज वाटते. मी टेबलावर उभी होते. आमचे दोन कारकून कपाटावर होते. ती कपाटं इतकी उंच आहेत की आजही मला कळत नाही ते चढले कसे. देशमाने साहेब केबिनमध्ये, आतून कडी लावून, काचेमागून ओरडत होते, "ओव्हाळ, मारा! मारा त्याला! बंदूक कशाला दिलीय?" गिऱ्हाइकं काउंटरवर, खिडकीत. सगळेच ओरडत होते, "हवालदार, हाणा! हाणा!" डुक्कर मधोमध उभं होतं, धापा टाकत, गुळगुळीत फरशीवर पाय घसरत होते.

हवालदारांनी बंदूक खांद्यावरून काढली. मी कानांत बोटं घातली. आणि त्यांनी दुनळी उघडली, दोन्ही काडतुसं काढली, सदऱ्याच्या खिशात घातली, खिशाचं बटण लावलं, आणि रिकामी बंदूक माझ्या टेबलावर आडवी ठेवली.

"म्याडम, हिच्याकडं ध्यान द्या," म्हणाले.

नंतर त्यांनी गिऱ्हाइकांच्या लांब बाकड्याचं एक टोक धरलं आणि काउंटरवर चढलेल्या एका धिप्पाड गुऱ्हाळवाल्याला हाक मारली, "पाव्हणं, खाली या. तिकडचं टोक धरा. वरडू नगा. त्ये आपल्यापरीस भ्यालंय." त्यांच्या आवाजात असं काही होतं की तो माणूस उतरला. दोघांनी बाकडं आडवं धरून भिंतीसारखं पुढं सरकवलं. एक पाऊल, थांबायचं. पुन्हा एक पाऊल. पलीकडं कॅशच्या गाडीसाठीचं मागचं दार होतं. हवालदारांनी त्याची किल्ली कमरेची काढून वर न बघता माझ्याकडं फेकली. मी टेबलावरून काउंटरवर, काउंटरवरून पलीकडं अशी जाऊन दार कसं उघडलं ते मला आठवत नाही. डुकरानं उजेड बघितला आणि सुटलं. मागचं मैदान ओलांडून किल्ल्याच्या खंदकाकडं गेलं ते पुन्हा कुणाला दिसलं नाही.

पाण्याचा एक जार आणि तुळशीची कुंडी फुटली होती. हवालदारांच्या नडगीला सात टाके पडले. माझ्या टेबलावरची बंदूक आधी घेऊन, नीट खांद्याला लावून, मगच ते दवाखान्यात गेले.

त्या संध्याकाळपर्यंत अख्ख्या परंड्यात मोबाइलवर फिरलं : बँकेची बंदूक शोभेची. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचा हात थरथरतो. कुणी म्हणालं, बंदूकच चालत नाही, जुना माल आहे, स्वस्तातला. कुणी म्हणालं, नुसता मिशांचा हवालदार. माणसं त्यांच्या तोंडावरही बोलली. त्या आठवड्यात शांताबाई बँकेत आल्या तेव्हा एक कप चहा आणि आठ महिन्यांचा तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.

देशमाने साहेब कडी लावून बसले होते हेही लोकांनी पाहिलं होतं. त्याचा राग असेल किंवा भीती, त्यांनी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं की रखवालदारानं कर्तव्यात कसूर केली, आणि हवालदारांकडून लेखी खुलासा मागवला : आदेश देऊनही गोळी का झाडली नाही? कंत्राटी नोकरी, वर्षावर्षाला वाढवली जाणारी. प्रज्ञाचं तिसरं वर्ष चालू होतं. मी हवालदारांना म्हटलं, "मी लिहून देते, चांगलं सविस्तर लिहू." त्यांनी नको म्हटलं. स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहून दिली : 'गोळी झाडण्याची गरज नव्हती.' खाली सही, सैन्यातला हुद्दा आणि तारीख.

पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयातून एक अधिकारी चौकशीला आले. शांत माणूस. त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बसवून त्या दिवशीचं कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. मला स्वतःला टेबलावर नाचताना बघायची अजिबात इच्छा नव्हती. डुक्कर आत आलं, माणसं वर चढली, हवालदारांनी बंदूक खांद्यावरून काढली. आणि तिथं अधिकाऱ्यांनी चित्रण थांबवलं. थोडं मागं नेलं. पुन्हा थांबवलं.

"हे काय आहे?"

डुकराच्या बरोबर मागं, पासबुक छापायच्या यंत्राच्या आणि भिंतीच्या फटीत, हिरव्या लुगड्याचं एक गाठोडं दिसत होतं. मग ते हललं. ती एक म्हातारी होती, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, पदर डोक्यावरून तोंडावर ओढलेला. तिला वर चढता आलं नव्हतं, आणि ती ओरडलीही नव्हती. सगळे डुकराकडं बघत होते, तिच्याकडं कुणीच पाहिलं नव्हतं. मीही नाही. बारा बोअरच्या काडतुसातून छर्रे फेकल्यासारखे पसरत जातात, हे हवालदारांनीच मला जमा-पावतीच्या पाठीवर काढून दाखवलं होतं.

देशमाने साहेब पडद्याकडं बघत होते, त्यांच्या ओठांवरचा घाम मला दिसत होता.

"ओव्हाळ," अधिकारी म्हणाले, "हे तुम्ही खुलाशात का लिहिलं नाही?"

हवालदार उभे होते. "साहेब, मला इचारलं हुतं, गोळी का झाडली न्हाय. गरज नव्हती म्हणून झाडली न्हाय. म्हातारी तितं नसती तरी बी नव्हती. मग तिचं नाव कशाला पुढं करू?"

अधिकाऱ्यांनी कागद बंद केला. दुसऱ्या दिवशी देशमाने साहेब स्वतः चहाचा कप घेऊन दारापर्यंत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. हवालदारांनी चहा घेतला, एवढं दिसलं. लोकांचं म्हणाल तर, ज्यांनी चेष्टा पसरवली होती त्यांच्यापर्यंत हा भाग कधी पोचलाच नाही. चेष्टा वाहनानं जाते, खुलासा पायी. हवालदारांनी तो कुणाला सांगितलाही नाही. म्हातारी मात्र पुढं दर महिन्याला निराधार योजनेच्या पैशांना आली की त्यांच्यासाठी पदरात काहीतरी आणायची. कधी चिंचेचा गोळा, कधी दोन भुईमुगाच्या डहाळ्या. हवालदार प्रत्येक शेंगेचा मुआयना करून खायचे.

पुढं प्रज्ञा नर्स झाली, धाराशिवला नोकरीला लागली. हवालदार दारात उभे होतेच. नोकरी अजून एखाद-दोन वर्षं सहज चालली असती, कुणी त्यांना जा म्हणणार नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मात्र एक दिवस ते माझ्या खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, "म्याडम, आपल्या दारातनं आता कोन आत आलं?"

"कुणी नाही. का?"

"डाव्या अंगानं?"

मी बघितलं. डाव्या अंगाला, त्यांच्या कोपराला जवळजवळ टेकून, एक बाई कधीची उभी होती.

बार्शीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं हळूहळू जातं. डॉक्टर म्हणाले, औषधानं पुढचं थांबेल, गेलेलं येणार नाही, पण रोजच्या कामाला काही अडचण नाही. शांताबाई म्हणाल्या, प्रज्ञा म्हणाली, मीसुद्धा म्हटलं : कुणाला कळणार आहे? हवालदार दुसऱ्याच दिवशी ठाण्यात गेले. बंदूक, उरलेली काडतुसं आणि परवाना रद्द करण्याचा अर्ज जमा केला. अर्जात कारण लिहिलं होतं, 'बाजूचं दिसत नाही.' तिथल्या अंमलदारानं, हल्ली तो जुना जमादार नाही, विचारलं, "बाबा, एवढी कशाला घाई? नूतनीकरणाला अजून अवकाश हाय." हवालदारांनी त्याच्याकडून पोच घेतली, ती दोनदा वाचली, आणि परत देऊन तारीख दुरुस्त करून घेतली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते परंडा स्टँडवर. प्रज्ञाकडं राहायला चालले होते, कायमचे. शांताबाई आधीच जाऊन खिडकीशी बसल्या होत्या. म्हशी विकल्या होत्या, लोखंडी पेटी बसच्या टपावर चढली होती. पांढरा सदरा, खाकी पँट, आणि ते तसेच बूट. खांदा मोकळा होता, त्यामुळं की काय ते थोडे एका बाजूला झुकून चालताहेत असं वाटलं. चढताना पायरी पायानं चाचपून बघितली, मग दुसरा पाय उचलला. मी खाली, शांताबाईंच्या खिडकीशी उभी होते. कंडक्टरनं त्यांच्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि यंत्रावर बोट ठेवत म्हणाला, "बाबा, ज्येष्ठ नागरिक ना? अर्धं तिकीट."

"किती वर्साला असतंय?"

"पासष्टला."

हवालदारांनी क्षणभर हिशेब केला. "मग तीन म्हयने कमी हायेत. फुल्ल फाड."

"असू द्या की बाबा, तीन महिन्यांनी काय होतंय? कोण तपासतंय?"

"अवं, घ्या की देतोय तर," शांताबाई आतून म्हणाल्या.

"फुल्ल फाड म्हणतो ना!"

मागं रांग लागली होती. माणसं कुरकुरायला लागली. कंडक्टरनं हसत, मान हलवत पूर्ण तिकीट फाडून दिलं. हवालदारांनी ते डोळ्यांच्या अगदी समोर धरलं, गाव बघितलं, तारीख बघितली, घडी करून खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. मग बाकड्यावर हात दाबून बघितला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती, सगळी बस त्यांची बसायची वाट बघत होती, आणि हवालदार वाकून बाकड्याचे पाय बघत होते.